मनमाड जंक्शन : स्टेशन, त्यावरील कामे आणि माणसे

मराठवाड्यातला साठीच्या पुढचा माणूस आणि मध्यरात्री मनमाडला उतरून गाडी बदलल्याची आठवण नाही, असे सहसा घडत नाही. डोक्यावर वळकटी, एका हाताला लेकरू, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या आणि समोर मुंबईच्या गाडीची वाट. शिकण्यासाठी औरंगाबादला जाणारा विद्यार्थी, गिरणीत कामाला निघालेला नांदेड-परभणीकडचा शेतमजूर, हुजूर साहिबच्या दर्शनाला निघालेले पंजाबातील शीख कुटुंब, या सर्वांना हे एक स्टेशन चुकत नसे. अशा या स्टेशनचा इतिहास काय, तेथे कोणती कामे चालतात, ती कामे कोणाच्या वाट्याला आली आणि आज प्रवाशाला तेथे काय मिळते, याची थोडी माहिती वाचकांना करून द्यावी एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

मनमाड हे नाशिक जिल्ह्यातील नांदगाव तालुक्यातले गाव. तालुक्याचे ठिकाण नांदगाव असले तरी वस्तीने मनमाड मोठे, आणि ते मोठे झाले ते रेल्वेमुळेच. गावाच्या दक्षिणेला अंकाई-टंकाईची किल्लेजोडी आणि हडबीची शेंडी हा उभा सुळका आहे. गाडीतून हा सुळका दिसू लागला की सामान आवरायला घ्यावे हे नेहमीच्या प्रवाशाला सांगावे लागत नाही.

तीन मार्गांची गाठ

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली, हे आपण शाळेतच शिकतो. ती चालविणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने, म्हणजे आपल्या बोलण्यातील जी.आय.पी.ने, पुढे कल्याण, कसारा, थळघाट, इगतपुरी, नाशिक असा ईशान्येकडचा मार्ग टाकला. थळघाट चढून गाडी वर येणे हेच या मार्गातील सर्वांत कठीण काम होते. तो टप्पा १८६५ मध्ये खुला झाला. ७ मार्च १८७० रोजी जबलपूरच्या बाजूने मुंबई आणि कलकत्ता जोडले गेले. मुंबईपासून सुमारे २६० किलोमीटरवरचे मनमाड हे या मोठ्या मार्गावरचे एक स्टेशन. तोपर्यंत ते इतर स्टेशनांसारखेच होते.

त्याचे जंक्शन झाले ते १८७८ मध्ये. त्या वर्षी दौंड ते मनमाड हा मार्ग सुरू झाला. दौंडला पुण्याहून सोलापूर-रायचूरकडे जाणारा फाटा आणि मनमाडला मुंबईहून उत्तरेकडे जाणारा फाटा, या दोघांना जोडणारी ही आडवी लाईन होय. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), कोपरगाव, येवला ही गावे तिच्यामुळे रेल्वेवर आली. १८७६ ते ७८ ही महाराष्ट्रातील भीषण दुष्काळाची वर्षे होती, आणि ही लाईन त्याच वर्षांत उभी राहिली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तिसरा मार्ग निजामाच्या राज्यातून आला. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे या नावाने सिकंदराबादपासून निजामाबाद, नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद अशी येणारी ही लाईन १९०० च्या सुमारास मनमाडला येऊन मिळाली. तिची लांबी ३९१ मैल होती. मनमाडहून निघून नगरसोल मागे पडले आणि रोटेगाव आले की निजामाचा मुलूख सुरू होई. म्हणजे मनमाड हे केवळ तीन मार्गांचे नव्हे, तर दोन राज्यांच्या सरहद्दीजवळचे स्टेशन होते.

परंतु या तिसऱ्या मार्गाची एक गोम होती. जी.आय.पी.चे रूळ ब्रॉडगेजचे, म्हणजे दोन रुळांमधील अंतर ५ फूट ६ इंच. निजामाच्या बाजूचे रूळ मीटरगेजचे, म्हणजे एक मीटरचे, सुमारे ३ फूट ३ इंचांचे. एका रुळावरची गाडी दुसऱ्या रुळावर जाऊच शकत नाही. त्यामुळे औरंगाबादहून आलेल्या प्रत्येक प्रवाशाला मनमाडला उतरणे भाग होते, आणि मराठवाड्यातून आलेला प्रत्येक पोता, प्रत्येक कापसाची गाठ, सरकीचा प्रत्येक कट्टा हमालाच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत जाणे भाग होते. हे काम जवळजवळ नव्वद वर्षे चालले. मनमाडच्या कित्येक घरांत या पाठीवरच्या ओझ्यावर चूल पेटली. गावातील खानावळी, चहाच्या टपऱ्या, धर्मशाळा, टांगे हे सारे या खोळंब्यावर जगत होते. गाडी सुटण्याची वाट पाहणारा माणूस चहा पितो, भजी खातो, हा साधा हिशेब आहे. मनमाडचा गुप्तसर गुरुद्वारा आणि तेथील लंगर हाही नांदेडच्या वाटेवरील या मुक्कामाशी निगडित आहे. त्या लंगरात जात विचारली जात नाही, हे आमच्या वडीलधाऱ्यांनी आवर्जून सांगितलेले आहे.

याच स्टेशनच्या दक्षिणेला, दौंड लाईनवर, येवला आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत परमपूज्य बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली. मुंबईकडून रेल्वेने येवल्याला जाणाऱ्याला मनमाडलाच गाडी बदलावी लागत असे. आजही मुक्तिभूमीच्या दर्शनाला निघालेला दूरचा प्रवासी बहुधा मनमाडलाच उतरतो आणि तेथून एस.टी. किंवा दुसरी गाडी धरतो.

कोणाला कोणते काम

स्टेशन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे इमारत, घड्याळ आणि घंटा येते. पण स्टेशन चालते ते कामांच्या उतरंडीवर. वर स्टेशनमास्तर, त्याखाली सहायक मास्तर, तिकीट देणारे आणि तपासणारे बाबू, पार्सल ऑफिसचे कारकून. मग सांधा बदलणारा पॉइंट्समन, फाटकवाला, पोर्टर. यार्डात आणि शेडमध्ये फोरमन, फिटर, खलाशी. आणि सर्वांत शेवटी, स्टेशनपासून दूर, उन्हात, रुळावर गँगमन. इंग्रजी अमदानीत या उतरंडीत अस्पृश्य समाजातील माणूस बहुतांशी शेवटच्याच पायरीवर होता.

हे कोणी ऐकीव म्हणून सोडून देऊ नये. ही तक्रार खुद्द मनमाडलाच मांडली गेलेली आहे. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेतील दलितवर्गीय कामगारांची परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना होऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते आणि बाबासाहेब मुंबई विधिमंडळाचे सभासद होते. कामगारांचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हा त्यांचा प्रसिद्ध विचार या मनमाडच्या व्यासपीठावरचा. ब्राह्मणशाही म्हणजे एखाद्या जातीची सत्ता नव्हे, तर स्वातंत्र्य, समता व बंधुत्व नाकारणारी वृत्ती, आणि ती कोणत्याही वर्गात आढळते, असा खुलासाही त्यांनी तेथेच केला. हा भाग आपल्याकडे वारंवार सांगितला जातो. पण त्याच भाषणात रेल्वेतील नोकऱ्यांची जी बारीक चिकित्सा आहे तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. दलित वर्गातील माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. त्याला वरची जागा जवळजवळ नाहीच. त्याला पोर्टरसुद्धा करीत नाहीत. का? तर पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरी घरकाम करावे लागते आणि मास्तर सवर्ण असल्याने त्याला आपल्या घरात अस्पृश्य चालत नाही. म्हणजे स्टेशनमास्तरची घरगुती सोय हीच एका माणसाच्या बढतीच्या आड येणारी भिंत झाली. कारकुनाच्या जागेचे तेच, कारखान्यातील कुशल कामाचे आणि मुकादमीचेही तेच. पगार कमी आहे हे गाऱ्हाणे सर्वच कामगारांचे होते. पण दाराशी येऊन थांबविले जाणे हे गाऱ्हाणे या कामगारांचे वेगळे होते, आणि त्या वेळच्या कामगार संघटना त्याकडे पाहत नव्हत्या. म्हणून ही परिषद.

तो काळ असा होता की स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ वेगळे मिळे. या दोन्हींत न बसणाऱ्या प्रवाशाला पाणी वरून ओतणाऱ्याच्या मर्जीवर राहावे लागे. बाबासाहेबांनी स्वतः लहानपणी, १९०१ च्या सुमारास, सातारा जिल्ह्यातील मसूर स्टेशनवर जात कळताच स्टेशनमास्तरचा बदललेला चेहरा पाहिला होता आणि बैलगाडीवाल्यांचा नकार सोसला होता. तिकीट सर्वांना सारखेच मिळत होते, डबाही एकच होता. पण फलाटावर उतरताच गाव पुन्हा सुरू होई.

गँगमनचे काम म्हणजे काय

ज्या पायरीवर आपली माणसे पिढ्यान्पिढ्या राहिली त्या कामाची माहिती आजच्या मुलांना असत नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

रूळ जमिनीवर नुसते ठेवलेले नसतात. खाली खडीचा थर, त्यावर स्लीपर, आणि स्लीपरवर रूळ घट्ट धरणाऱ्या चाव्या. पूर्वी स्लीपर लाकडाचे व लोखंडाचे असत, आता सिमेंट काँक्रीटचे असतात. गाडी जाते तेव्हा तिचे शेकडो टन वजन या खडीवर येते. खडी सरकते, रूळ एका बाजूला खचतो, सांधे ढिले होतात. मनमाडच्या आसपासची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, त्यामुळे हा त्रास अधिक. खचलेला रूळ पहारीने उचलायचा, स्लीपरखाली खडी ठोकून भरायची, रुळाची रेघ पुन्हा सरळ करायची, हे गँगचे रोजचे काम. ‘हैय्या’च्या तालावर दहा-बारा माणसे एकाच वेळी पहारीवर जोर लावतात, कारण एकट्याच्या जोराने रूळ हलत नाही. गँगचा प्रमुख मुकादम. तो रुळाला डोळा लावून, जमिनीवर जवळजवळ आडवा होऊन, रेघ सरळ आली की नाही ते पाहतो. त्या डोळ्याला यंत्राची सर येत नाही असे जुने लोक म्हणत. आता खडी भरणारी मोठी यंत्रे आली आहेत, तरी हातकाम संपलेले नाही.

गँगमधला चावीवाला, म्हणजे कीमन, रोज आपल्या हद्दीतून पायी फिरतो. खांद्यावर हातोडा व पाना, सोबत लाल झेंडी आणि फटाके. हे फटाके सणाचे नव्हेत. पुढे रूळ तुटलेला आढळला तर ते रुळावर अंतराअंतराने लावायचे. इंजिनाचे चाक त्यावरून गेले की मोठा आवाज होतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवितो. थंडीच्या दिवसांत पहाटे रूळ आकसून तडकण्याची भीती असते, म्हणून तेव्हा रात्रीची गस्त असते. पावसाळ्यात पुलांवर आणि भरावांवर गस्त असते. रात्री दोन वाजता आपण गाडीत निवांत झोपलेलो असतो तेव्हा खाली कोणीतरी कंदील किंवा बॅटरी घेऊन चालत असतो. या कामात गाडीखाली सापडून माणसे मेली आहेत आणि आजही मरतात. मागून येणाऱ्या गाडीचा आवाज वाऱ्याने ऐकू आला नाही एवढेही कारण पुरते.

सहाव्या वेतन आयोगानंतर गँगमन हे नाव कागदावरून गेले आणि ट्रॅक मेंटेनर आले. पहार तीच आहे.

पायरी चढण्याची वाट

मनमाडच्या परिषदेनंतर चार वर्षांनी, १९४२ मध्ये, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. १९४६ मध्ये हे प्रमाण १२.५ टक्के झाले आणि १९७० मध्ये १५ टक्के. अनुसूचित जमातींसाठी त्याच वेळी ७.५ टक्के ठरले. रेल्वे हे केंद्राचे सर्वांत मोठे खाते असल्याने या आदेशांचा खरा परिणाम रेल्वेच्या गावांत दिसला. मनमाड, भुसावळ, इगतपुरी, दौंड, कुर्डुवाडी येथील आपल्या वस्त्यांमधून मॅट्रिक झालेली पहिली पोरे तिकीट खिडकीच्या आतल्या बाजूला बसली ती यामुळेच.

पण भरती एक आणि बढती दुसरी. १९३८ ची मूळ तक्रार बढतीची होती. रेल्वे बोर्डाने १९५९ मध्ये वरच्या निवडपदांवरही आरक्षण लागू करणारी परिपत्रके काढली, तेव्हा दक्षिण रेल्वेतील रंगाचारी नावाच्या कर्मचाऱ्याने त्यांना आव्हान दिले. मद्रास हायकोर्टात तो जिंकला. १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने रेल्वेची परिपत्रके वैध ठरविली. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी लिहिला. पुढे १९९२ च्या मंडल निकालात बढतीतील आरक्षण घटनेत बसत नाही असे ठरले आणि म्हणून १९९५ मध्ये ७७ वी घटनादुरुस्ती करावी लागली. बढतीच्या आरक्षणाची ही कायदेशीर वाट रेल्वेच्या एका प्रकरणातून सुरू झाली, हे आपल्या अनेक सुशिक्षित बांधवांनाही ठाऊक नसते. पोर्टरच्या जागेवरून मनमाडला निघालेला प्रश्न घटनेच्या सोळाव्या कलमापर्यंत पोचला.

यात एक गंमतही आहे. २००८ च्या रेल्वे अंदाजपत्रकात लाल डगलेवाल्या परवानाधारक हमालांना गँगमनच्या जागांवर घेण्याची घोषणा झाली आणि हजारो हमालांनी अर्ज केले. सरकारी पगार, पास आणि क्वार्टर मिळते म्हणून गँगमनची नोकरी आता हवीशी झाली होती. हे परवानावाले हमाल आणि १९३८ चे नोकरीतले पोर्टर एकच नव्हेत, तरीही जुन्या माणसांना हे ऐकून हसू आले असेल.

कारखाना, कोठार आणि मोठे रूळ

स्टेशनखेरीज मनमाडला रेल्वेचा अभियांत्रिकी कारखाना आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तो चालू आहे. रेल्वेच्या पुलांचे लोखंडी गर्डर तेथे तयार होतात. आपण ज्या पुलावरून जातो त्याचे लोखंड मनमाडच्या कामगाराच्या हाताखालून गेलेले असण्याचा बराच संभव आहे. भारतीय अन्न महामंडळाचे मनमाडचे धान्य कोठार देशातील मोठ्या कोठारांपैकी एक. उत्तरेकडून गहू-तांदळाच्या मालगाड्या येथे रिकाम्या होतात आणि रेशन दुकानापर्यंतचा पुढचा प्रवास येथून सुरू होतो. जवळच पानेवाडीला तेल कंपन्यांचे साठे आहेत. रेल्वे आहे म्हणून ही सर्व कामे येथे आली.

१९५१ मध्ये जी.आय.पी. आणि निजामाची रेल्वे एकत्र येऊन मध्य रेल्वे झाली. निजामाची बाजू १९६६ पासून दक्षिण मध्य रेल्वेकडे गेली. मनमाड स्टेशन मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात आहे. रुळांचा फरक मात्र १९९० च्या दशकापर्यंत तसाच राहिला. मीटरगेजची अजिंठा एक्स्प्रेस ज्यांनी पाहिली आहे त्यांना मनमाडच्या फलाटांवरची ती धावपळ आठवेल. मग मनमाड-औरंगाबाद आणि पुढील मार्ग ब्रॉडगेज झाला. मराठवाड्याची ती जुनी मागणी होती आणि ती रास्तच होती. मुंबईची गाडी थेट औरंगाबाद-नांदेडला जाऊ लागली. सचखंड एक्स्प्रेसने नांदेड आणि अमृतसर जोडले.

मनमाडला मात्र त्याची किंमत मोजावी लागली. वाघिणीतून वाघिणीत माल भरण्याचे काम संपले. रात्र काढणारा प्रवासी राहिला नाही, तर खिडकीतून चहा घेणारा राहिला. एकाची सोय ती दुसऱ्याची रोजी, हे येथे उघड दिसते. मराठवाड्याला दोष देण्याचे कारण नाही. पण ज्यांचे काम गेले त्यांना दुसरे काम कोणते, हा प्रश्न कोणत्याही फायलीत नव्हता.

हाच प्रकार गाड्यांच्या बाबतीत पुढेही घडत आला. १९७५ मध्ये सुरू झालेली मनमाड-मुंबई पंचवटी एक्स्प्रेस ही या भागाची जीवनवाहिनी. पहाटे सहाच्या सुमारास सुटायचे, कचेऱ्या उघडण्याच्या वेळेस मुंबईत पोचायचे आणि संध्याकाळी परत निघायचे, अशी नोकरी करणारी कुटुंबे येथे आहेत. मासिक पासवाल्यांचा या गाडीत एक संसारच आहे. वाढदिवस, हळदीकुंकू, भिशी, सगळे डब्यातच. एप्रिल २०२५ मध्ये याच गाडीत चालत्या गाडीतील ए.टी.एम. बसवून पाहण्यात आले. उलट मनमाडहून सुटणारी राज्यराणी एक्स्प्रेस २०२० मध्ये नांदेडपर्यंत नेण्यात आली. तेव्हा येथे नाराजी झाली ती एका साध्या कारणाने. गाडी येथून सुटते तेव्हा जागा मिळते. गाडी मागून भरून येते तेव्हा दारात उभे राहावे लागते.

प्रवाशाच्या उपयोगाचे

आपल्या वाचकांना उपयोगी पडतील अशा काही गोष्टी येथे देतो. १४ ऑक्टोबर व विजयादशमीच्या सुमारास दीक्षाभूमीसाठी आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीसाठी मध्य रेल्वे नागपूर-मुंबई मार्गावर विनाआरक्षित विशेष गाड्या सोडते. त्यांना बहुधा मनमाडचा थांबा असतो. वेळापत्रक दरवर्षी वेगळे असते, म्हणून काही दिवस आधी चौकशी करावी. चौकशी, तक्रार, वैद्यकीय मदत, सुरक्षा या सर्वांसाठी १३९ हा एकच क्रमांक आहे. डब्यात पाणी नाही, म्हातारे माणूस आजारी पडले, कोणी त्रास देत आहे, अशा वेळी गप्प न बसता या क्रमांकावर सांगावे. पुढच्या मोठ्या स्टेशनवर माणूस पाठविला जातो.

आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होते. पूर्वी ते १२० दिवस असे, नोव्हेंबर २०२४ पासून कमी झाले. तात्काळ तिकीट संगणकावरून किंवा मोबाईलवरून काढायचे तर जुलै २०२५ पासून आधारची पडताळणी लागते. ज्येष्ठ नागरिकांची भाड्यातील सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, हे माहीत नसल्याने अनेक वृद्ध आजही खिडकीवर वाद घालताना दिसतात. दिव्यांग आणि ठराविक गंभीर आजारांचे रुग्ण यांची सवलत चालू आहे. त्यासाठी ठरलेल्या नमुन्यातील प्रमाणपत्र लागते, साधी डॉक्टरची चिठ्ठी चालत नाही. साध्या तिकिटासाठी मोबाईलवर सोय आहे, पण ज्यांना ते जमत नाही त्यांनी खिडकीवर जायला संकोच करू नये. खिडकी आपल्यासाठीच आहे.

रेल्वेने गाव वाढविले तसे दोन भागांत कापलेही. रुळांच्या या बाजूचे गाव आणि त्या बाजूचे गाव यांना जोडणारा पुणे-इंदूर रस्त्यावरचा जुना उड्डाणपूल नोव्हेंबर २०२३ मध्ये एका बाजूने ढासळला, तेव्हा पलीकडे जाणे म्हणजे काय हे सर्वांना कळले. शाळकरी मुले, दवाखान्यात निघालेली माणसे, भाजीवाले सर्व अडकले. पाण्याचे हाल तर मनमाडकरांच्या पाचवीलाच पुजलेले. मनमाडला मुलगी देताना आधी नळाला किती दिवसांनी पाणी येते ते विचारतात, असे लोक चेष्टेने म्हणतात. चेष्टा असली तरी हंडे बायकांच्याच डोक्यावर असतात.

अमृत भारत योजनेत मनमाड स्टेशनचा समावेश झाला आहे. जळगावपर्यंत तिसऱ्या मार्गाचे काम चालू आहे आणि चौथ्या मार्गाला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. त्याआधी, २ सप्टेंबर २०२४ रोजी, केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला मान्यता दिली. खर्च १८,०३६ कोटी रुपये आणि नवी स्टेशने ३० असा तो आराखडा आहे. मालेगाव आणि धुळ्याकडून शिरपूर, सेंधवा असा तो वर जाईल. मनमाडहून पुन्हा एक फाटा फुटेल आणि यार्डात पुन्हा माणसे लागतील. ती भरती निघेल तेव्हा आपल्या मुलांनी ट्रॅक मेंटेनरच्या अर्जाबरोबर स्टेशनमास्तर, लोको पायलट आणि कनिष्ठ अभियंत्याच्या परीक्षांचेही अर्ज भरावेत. या नव्या मार्गाने मनमाड महूशी जोडले जाणार आहे. बाबासाहेबांच्या या जन्मगावच्या स्टेशनचे नाव आता डॉ. आंबेडकर नगर असे आहे.